वजनकाट्यावरची संमती

7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम लढतीआधी काट्यावर उभी राहिली आणि सुमारे 100 ग्रॅमनी जास्त भरली. आदल्या दिवशी सकाळी तिचं वजन नियमात बसलं होतं. त्या दिवशी तिने तीन लढती जिंकल्या. पहिलीच टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिच्याविरुद्ध. लढतींच्या दरम्यान अन्नपाणी पोटात गेलं, वजन वाढलं. मग रात्रभर व्यायाम करून घाम काढला, शेवटी केससुद्धा कापले. तरीही ती अपात्र ठरली. आपल्याकडे चर्चा झाली ती कट होता का आणि चूक कोणाची, याची. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. ते 100 ग्रॅम उतरले असते, तर त्या रात्री जे झालं ते योग्य ठरलं असतं का?

वजनगट न्यायासाठी आहेत, हे आधी मान्य करू. गावच्या जत्रेतल्या मैदानात जाणती माणसं उंची, अंगलोट आणि तयारी बघून नजरेने जोड लावतात. नजरेत आपपरभाव शिरू शकतो. काटा कोणाच्या भावकीतला नसतो. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीमधलं कांस्यपदक बँटमवेट गटातलं. लहान चणीच्या मल्लाला जगाच्या आखाड्यात जागा मिळते, ती अशा गटांमुळेच.

पण काटा मोजतो ते त्या एका क्षणाचं शरीर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे साधं गणित आहे. मीठ आणि कर्बोदकं तोडली की स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा घटतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं. उरलेलं घामावाटे काढायचं. रक्तातला द्रव कमी झाला की तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त वेगाने धडधडावं लागतं. घाम आटला की शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होऊ लागतो. अशा शरीराला त्याच दिवशी आखाड्यात उतरायचं असतं.

यावर उत्तर येतं की खेळ म्हणजे कष्टच. दुखणं नको असेल त्याने घरी बसावं. इथे मला एक फरक करावासा वाटतो. हजार बैठका मारल्यावर मांड्या भरून येतात, पण विश्रांती आणि खुराक मिळाला की त्या अधिक बळकट होतात. ताण, विश्रांती आणि त्यातून जुळवून घेणारं शरीर, हा सगळ्या प्रशिक्षणाचा पाया आहे. त्या वेदनेतून शरीराला काहीतरी मिळतं. पाणी तोडण्याच्या वेदनेतून शरीराला काहीच मिळत नाही. मिळतो तो फक्त काट्यावरचा आकडा, तोही काही तासांपुरता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेळाडू सज्ञान आहे, तिने स्वतः निवडलं, आपण कोण बोलणार? पण ही निवड कशी घडते ते पाहा. सगळेच पाणी तोडून खालच्या गटात उतरत असतील, तर न तोडणाऱ्यासमोर मुळात जास्त वजनाचा प्रतिस्पर्धी उभा राहतो. म्हणून तोही तोडतो. शेवटी सगळे पुन्हा बरोबरीत, फक्त सगळेच तहानलेले. एकट्याने नकार दिला तर हार त्याच्या एकट्याच्या पदरी. अशा होकाराला मी संमती म्हणायला कचरतो.

म्हणून जबाबदारी नियम करणाऱ्यांवर येते. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांच्यावर बंदी आली, वजन लढतीच्या अगदी आधी होऊ लागलं आणि हंगामाच्या सुरुवातीलाच, शरीरात पुरेसं पाणी आहे याची चाचणी घेऊन, प्रत्येकाचं किमान वजन ठरवलं जाऊ लागलं. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही आता लढतीच्या सकाळी वजन होतं आणि अंतिम फेरीच्या दिवशी पुन्हा होतं. मोह कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण किमान वजनाची अट नसेल, तर त्याच नियमातून एकाऐवजी दोन रात्री जागण्याची वेळ येते.

आणि थोडी जबाबदारी जाणकारांवरही येते. किती पाणी काढलं तर मल्ल कोसळणार नाही, हे आज क्रीडाशास्त्राला बऱ्यापैकी सांगता येतं. तेच ज्ञान वापरून, या शरीराचं खरं वजन कोणतं आणि त्याने कोणत्या गटात लढावं, हेही महिनोन् महिने आधी सांगता येतं. पदक जवळ असताना पहिल्या प्रश्नाला गिऱ्हाईक जास्त असतं. प्रशिक्षकाच्या, डॉक्टरच्या सचोटीची परीक्षा मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना होते, विशेषतः ते उत्तर कोणालाच ऐकायचं नसतं तेव्हा.