जुन्या रेकॉर्डची नवी आवृत्ती आणि समीक्षकाचा कान

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि जॅझमधल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यावर पुस्तकं लिहिली गेली, वादकांच्या पिढ्यांनी त्यातला एकेक तुकडा कानाने उतरवून घेतला. यातली बहुतेक मंडळी तीस वर्षांहून अधिक काळ त्या अल्बमची पहिली बाजू चुकीच्या पट्टीत ऐकत होती. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत पहिलं सत्र झालं, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित संथ फिरत होतं. त्या टेपवरून रेकॉर्ड निघाली, तेव्हा पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ वादनापेक्षा जराशा जलद आणि जराशा चढ्या वाजू लागल्या. सत्राच्या वेळी शेजारी दुसरंही यंत्र चालू होतं आणि त्याची गती बरोबर होती. पण त्यावरची टेप वापरून दुरुस्त आवृत्ती निघायला १९९२ साल उजाडलं.

पुनःप्रकाशित अल्बम म्हणजे जुनी वस्तू होती तशी परत हाती येणं, ही समजूत या एका उदाहरणानेही ढळायला हवी. नव्या आवृत्तीमागे कुणीतरी बसलेलं असतं. कोणती टेप घ्यायची, कोणत्या गतीने फिरवायची, खरखर किती काढायची, कोणती चीज आधी ठेवायची, वेष्टनावर काय छापायचं आणि काय गाळायचं, हे सगळे निर्णय आजचे असतात. ते बरेही असतात, वाईटही. नव्या अल्बमची जशी परीक्षा होते, तशीच, किंबहुना अधिक कठोर परीक्षा या निर्णयांची व्हायला हवी. कारण ज्यांनी मूळ गाणं ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी ही आवृत्ती हेच मूळ होऊन बसतं. मराठीत मात्र जुन्या रेकॉर्डचा संच निघाला की लेख येतात ते आठवणींचे. कुणाच्या घरी ग्रामोफोन होता, रेडिओवर ते पद किती वाजता लागायचं, गणपतीच्या मांडवात काय वाजायचं. या आठवणी मोलाच्या आहेत, पण त्यांना समीक्षा म्हणता येत नाही.

भारतीय संगीतात गतीचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. गौहर जानने १९०२च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गपुढे गाऊन आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या धंद्याची सुरुवात करून दिली. त्यानंतरची कित्येक वर्षं मिनिटाला ७८ फेरे हा आकडा सर्वत्र पाळला जात नव्हता. काही तबकड्या त्याहून संथ, काही जलद गतीने कोरलेल्या असत. ७४च्या गतीने कोरलेली तबकडी आज ७८वर फिरवली, तर सूर जवळजवळ एका अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गवई काळी एकमध्ये जाऊन बसतो. पट्टीबरोबर तानेची गतीही वाढते, आवाज बारीक होतो, मींड आखडते. मग ऐकणारा म्हणतो, ‘त्या काळचे लोक किती तयारीने गात!’ त्या तयारीतला काही भाग मोटरचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या मुळातच उंच आणि टोकदार आवाजाच्या गायकाच्या बाबतीत ही चूक केवढी दिशाभूल करील, याचा अंदाज गाणाऱ्याला लगेच येईल. त्यांच्या स्वरलगावाबद्दल आपण जी मतं बाळगतो, ती कोणत्या गतीच्या प्रतीवरून बनली, हे तपासून पाहायला हवं.

हे तपासण्याची साधनं नाहीत असंही नाही. मायकेल किनीअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली. अब्दुल करीम खाँसाहेबांचं चरित्र आणि त्यांच्या रेकॉर्डांची यादी असा स्वतंत्र ग्रंथही त्याने केला. मुंबईत १९९०मध्ये सुरेश चांदवणकरांच्या पुढाकाराने रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि तिने आपलं नियतकालिक चालवलं. संग्राहकांनी क्रमांक, लेबलं, तारखा जुळवण्याचं चिवट काम करून ठेवलं आहे. समीक्षकांनी ते हाती घेतलेलं नाही, ही खरी उणीव आहे.

केसरबाई केरकरांचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात अभिमानाने सांगितलं जातं. ती तबकडी २०१७मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने सर्वांसाठी प्रसिद्ध केली. सोनीच्या संग्रहातल्या मूळ टेपा मिळवून केलेलं हे काम चोख होतं. पुढच्या वर्षी त्या संचाला ग्रॅमी मिळालं, तेही वेष्टन आणि मांडणीच्या विभागातलं. या आवृत्तीचं परीक्षण मराठीत झालं असतं, तर त्यात एक गोष्ट ठासून यायला हवी होती. मैफलीत भैरवी येते ती सगळ्यात शेवटी. केसरबाईंचं थोरपण सांगितलं जातं ते विलंबित ख्यालातल्या त्यांच्या अखंड दमसासासाठी, जयपूर घराण्याच्या पेचदार, एकमेकींत गुंतलेल्या आवर्तनांसाठी. त्या गायकीचं मूळ असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. केसरबाईंनीही आपलं गाणं टिपून घेण्याबाबत कमालीची सावधगिरी बाळगली. म्हणजे जगाला माहीत असलेल्या केसरबाई या त्यांच्या मैफलीचा शेवटचा कोपरा आहेत. हे सांगितल्याने भैरवीचं मोल तिळभरही कमी होत नाही. उलट तीन-साडेतीन मिनिटांत त्यांनी काय सोडलं आणि काय राखलं, हे ऐकण्याची दिशा मिळते.

खरखर काढण्याचा विषय याच्याइतकाच गंभीर आहे. जुन्या तबकडीवरची सुईची खरखर आणि तंबोऱ्याच्या जव्हारीतून उठणारे वरचे बारीक स्वर हे बऱ्याचदा एकाच पट्ट्यात वसतात. संगणकाने एक पुसायला गेलं की दुसरंही पुसलं जातं. उरतो तो गुळगुळीत, पोकळीत गाणारा आवाज. तंबोऱ्याशिवाय षड्ज लागला म्हणजे काय, हेच कळेनासं होतं. अशा आवृत्तीचं ‘स्वच्छ ध्वनी’ म्हणून कौतुक करणाऱ्या परीक्षकाने गाण्यातला आधारच गेला हे ऐकलेलं नसतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात याच्या उलट दिशेचं एक धडाडीचं पाऊल आठवतं. ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५मध्ये आणि पुन्हा १९८१मध्ये वाजवली. दुसरं ध्वनिमुद्रण सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांवर झालं होतं. २००२मध्ये दोन्ही एकत्र काढताना संपादकांनी ते डिजिटल रूप बाजूला ठेवलं आणि त्याच वेळी जोडीने घेतलेल्या साध्या टेपा वापरल्या. पियानोचा आवाज अधिक ऊबदार झाला, आणि वीस वर्षं लोकांनी ऐकलेला अल्बम हा एकमेव अल्बम नव्हता, हेही स्पष्ट झालं.

अर्थात कानावरही आंधळा विश्वास टाकून चालत नाही. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या, निखळ अ‍ॅनालॉग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेकॉर्डांसाठी नावाजलेली. २०२२मध्ये उघड झालं की २०११पासून तिच्या अनेक रेकॉर्डांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. प्रकरण न्यायालयात गेलं, कंपनीला कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली. या काळात कित्येक जाणकारांनी त्या रेकॉर्डांना शुद्धतेचे दाखले दिले होते. रेकॉर्डा वाईट नव्हत्या. काही तर उत्तम होत्या. पण समीक्षक कानाने ऐकत होते की वेष्टनावरच्या मजकुराने, हा प्रश्न उरतोच. त्याच २०२२मध्ये अमेरिकेत विनाइल रेकॉर्डांनी नगसंख्येत सीडीला मागे टाकलं, असं १९८७नंतर प्रथमच घडलं. म्हणजे पुनःप्रकाशनाचा बाजार वाढता आहे आणि त्याबरोबर परीक्षकाची जबाबदारीही.

एके काळी नव्या असलेल्या अल्बमकडे पाहतानाही इतिहासाचं भान लागतं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७मध्ये एचएमव्हीने काढला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. निर्मिती ग. ना. जोशींची. मराठी भावगीताचे एक आद्य गायक असलेले हे गृहस्थ पुढे कंपनीत ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार झाले आणि ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी तो सारा काळ लिहून ठेवला. आज हा अल्बम निवांत सकाळचं पार्श्वसंगीत म्हणून वाजतो. १९६७मध्ये मात्र संतूर रागसंगीताला चालेल का यावरच वाद होता, गिटार परकी होती, आणि अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत दिवसाचे प्रहर ओवून एका खोऱ्याची गोष्ट सांगायची ही कल्पना धाडसाची होती. त्या धाडसाचा उल्लेख न करता त्याच्या मधुरतेवर लिहिणं हा त्या तिघांवर अन्यायच आहे. याउलट अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी घ्या. एका बाजूला मावळतीचा मारवा, दुसऱ्या बाजूला मध्यरात्रीची दरबारी. मारवा संपला की ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटावी लागे, आणि त्या उठण्यात दोन प्रहरांमधलं अंतर सांभाळलं जाई. आता मोबाइलवर मारव्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच दरबारी सुरू होते. मारव्याने षड्ज टाळून टाळून निर्माण केलेली अस्वस्थता मनात मुरायलाच वाव मिळत नाही.

मराठीत संगीतसमीक्षेची परंपरा नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. गोविंदराव टेंब्यांनी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावाने गायकांची निर्भीड चिकित्सा केली, वामनराव देशपांड्यांनी १९६१मध्ये ‘घरंदाज गायकी’ देऊन घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीची मांडणी केली. पण हे सगळे मैफलीचे समीक्षक. रेकॉर्ड ही त्यांच्या लेखी मैफलीची सावली होती, आणि त्या काळात ते रास्तही होतं, कारण गायक समोर बसलेला असे. आज परिस्थिती उलटली आहे. बालगंधर्व, मोगूबाई, वसंतराव हे आता फक्त ध्वनिमुद्रणातच भेटतात. २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाचा अल्बम आला, तेव्हा राहुल देशपांड्यांच्या गाण्याची तुलना त्यांच्या आजोबांशी होणं अपरिहार्य होतं. १९६७च्या मूळ नाटकात खाँसाहेब उभा केला होता त्या आजोबांनी, वसंतरावांनीच. पण तुलना कोणत्या वसंतरावांशी? नाट्यगृहात वन्समोअर घेत पद रंगवणाऱ्या, की स्टुडिओत मोजक्या मिनिटांत ते बसवणाऱ्या? हा भेद केल्याशिवाय दिलेला निकाल नव्या गायकालाही न्याय देत नाही आणि जुन्यालाही.

पुनःप्रकाशन हीच समीक्षा कशी होऊ शकते, याचा उत्तम नमुना हॅरी स्मिथने १९५२मध्ये घालून दिला. आर्थिक मंदीच्या आसपासच्या विस्मृतीत गेलेल्या व्यापारी रेकॉर्डांमधून त्याने ८४ निवडल्या आणि अमेरिकी लोकसंगीताचा संग्रह काढला. गायक गोरा की काळा हे त्याने सांगितलंच नाही. ऐकणाऱ्यांचे अंदाज चुकले आणि पूर्वग्रह उघडे पडले. पुढे साठच्या दशकातल्या लोकगायकांच्या पिढीने तो संग्रह गुरुस्थानी मानला. १९९७मध्ये स्मिथसोनियनने तो पुन्हा काढला, तेव्हा स्मिथची मूळ पुस्तिका तशीच ठेवली आणि नवी टिपणं वेगळी जोडली, म्हणजे निवडणाऱ्याचा आवाज कुठला आणि संशोधकाचा कुठला, हे वाचणाऱ्याला कळत राहतं.

मराठी पोवाडे, लावण्या, नाट्यपदं आणि कोकणी गाणी यांच्या तबकड्यांचा असा संच करायला आता कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९६४अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डा त्या बंधनातून सुटल्या आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, ते तपासावे लागतील. असे संच निघतील, तेव्हा त्यांच्यावर लिहिणाऱ्याने कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ समोर ठेवावं. त्यात त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. आपल्याला कळलेली जागा, आपल्याला दिसलेली लय आपल्या आवाजात मांडली, आणि नावातच ते कबूल करून टाकलं. त्याचं परीक्षण करायचं तर बालगंधर्वांच्या त्याच पदांच्या तबकड्या योग्य गतीने, साथीच्या ऑर्गन-सारंगीसह, निदान दोन वेगवेगळ्या प्रतींवरून ऐकाव्या लागतात. मगच सांगता येतं की अमुक ठिकाणी कुमारांनी ठहराव वाढवला तो स्वतःच्या बुद्धीने, आणि अमुक ठिकाणी बालगंधर्व मुळातच तसे थांबत होते.