अवधानाचा अधिकार

पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात अभंग सुरू झाला की मागून कुणीतरी म्हणतंच, "हे आता लोकांसाठी." म्हणणारा बहुधा जाणकार असतो. मला ते वाक्य फार खटकतं. त्यात श्रोत्यांची उतरंड रचलेली असते: ख्याल ऐकणारा वर, ठुमरी-नाट्यगीतावर जीव टाकणारा मधे आणि अभंगाला ताल धरणारा सगळ्यात खाली.

माझं पाठ्यपुस्तकांचं दुकान आप्पा बळवंत चौकात आणि घर तांबड्या जोगेश्वरीजवळ. आमच्या बुधवार पेठेत देवांच्या बाबतीत हा प्रश्न कधीच मिटलेला आहे. जोगेश्वरी ग्रामदेवता, जेजुरीचा खंडोबा कुलदैवत, दुकान उघडण्याआधी दगडूशेठचं दर्शन, रामनवमीला तुळशीबाग आणि आईच्या ओठांवर दिवसभर विठ्ठल. यातला एक देव अधिकारी भक्तांचा आणि दुसरा भोळ्यांचा, असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. आपलं इष्टदैवत आपण धरावं, दुसऱ्याचं खोडू नये. गाण्याच्या आवडीला मात्र आपण हा न्याय लावत नाही.

खरं तर सवाईच्या उत्सवाचं मूळच असं मिसळलेलं आहे. रामभाऊ कुंदगोळकर किराणा घराण्याचे थोर ख्यालगायक, पण त्यांना 'सवाई गंधर्व' केलं ते संगीत नाटकानं. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ ठुमरी गात, मराठी पदं गात. त्यांनी त्यागराजांची कृतीसुद्धा ध्वनिमुद्रित केली. आणि १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या पहिल्या पुण्यतिथीपासून हा उत्सव उभा करणाऱ्या भीमसेन जोशींनीच पुढे अभंगांची संतवाणी घरोघरी नेली. मग उतरंड आली कुठून?

आई अभंगासाठी यायची. "शब्द कळले की देव समोर उभा राहतो," असं म्हणायची. जाणकारांचा आक्षेप इथेच असतो: बाईंनी विठ्ठल ऐकला, सूर ऐकला नाही. आक्षेप खोटा नाही. पण पहिल्या दोन सुरावटींत "मारवा!" म्हणून शेजाऱ्याकडे वळणाऱ्यानं तरी काय केलं? आईला विठ्ठल ओळखू आला, त्याला राग. ओळख पटल्याचा आनंद दोघांनाही झाला, आणि बऱ्याचदा त्या आनंदात दोघांचंही ऐकणं तिथेच थांबलं.

शास्त्रकारांतही हा वाद आहे. अभिनवगुप्तांनी भक्तीला वेगळा रस मानलं नाही, ती शांतरसाच्या पोटात घातली. पुढे सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी भक्तीलाच रसांच्या मुख्य जागी बसवलं. अभिनवगुप्तांचा सहृदय म्हणजे काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालं आहे तो. ज्ञानेश्वर मात्र नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. तेवढं दिलंत तर सर्व सुखाला पात्र व्हाल, असं प्रतिज्ञेवर सांगतात. अधिकाराची याहून उदार कसोटी मला ठाऊक नाही, आणि मी ती मानतो. तरी अभिनवगुप्तांना बाजूला सारत नाही. कान घडवावा लागतो, हेही खरंच.

तो घडायचा उत्सव रमणबागेत होई तेव्हाच्या रात्रींनी. कार्यक्रम रात्रभर चालत. भीमसेनजी शेवटी गाणार, म्हणून त्यांच्यासाठी आलेल्या माणसाला आधी सरोद, कथक, कुणा नवख्याचा ख्याल, सगळ्यातून जावं लागे. अशाच एका रात्री अभंगाची वाट पाहत बसलेल्या आईसमोर रुद्रवीणेचा आलाप आला. शब्द नाही, ठेका नाही, धरायला काहीच नाही. ती हलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "यात नाव कुणाचंच नव्हतं रे, पण कुणीतरी होतं." रागाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तिला जे भेटलं ते मला त्या रात्री भेटलं नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद होऊ लागले, क्वचित एखाद्या दिवशी सवलत मिळते तेवढीच. नियमाची गरज मला पटते. आमच्या पेठेत गणेशोत्सवात राहणाऱ्या कुणालाही पटेल. पण उत्तररात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित गेला, त्यासोबत न मागितलेलं ऐकण्याची ती लांब वाटही गेली. मुकुंदनगरच्या मंडपात आता लोक वेळापत्रक पाहून, आपल्या कलाकाराच्या वेळेला येतात आणि नंतर उठतात. आवड जपली जाते, तिची परीक्षा मात्र होत नाही.

जाणकार म्हणवणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच विचारतो: तुम्हाला अजिबात ओळखू न येणारं काही सुरू होतं, तेव्हा तुम्ही कुठे असता? कर्नाटक गायन लागलं की खाद्यपदार्थांच्या गाळ्यांपुढची रांग वाढते. मी ती पाहिली आहे. तिच्यात अभंगवाले असतात आणि त्यांच्यामागे वह्या घेतलेले ख्यालवालेही असतात.