शिलोहाचा बुरूज आणि किल्लारी

११ मार्च २०११ रोजी जपानवर भूकंप, त्सुनामी व फुकुशिमाचे अणुसंकट एकापाठोपाठ ओढवले. तीनच दिवसांनी टोकियोचे गव्हर्नर इशिहारा त्यास दैवी शासन म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माफी मागितली. असले बोल आपल्या मंडळ्यांनाही अपरिचित नाहीत. परंतु शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून अधिक दोषी होते, हे प्रभू साफ नाकारतो आणि पश्चात्ताप मागतो तो जिवंतांकडे (लूक १३). तेथे मूळ ग्रीक शब्द ‘ऋणी’ असा आहे. भाषांतरात तो बहुधा पुसला जातो. म्हणजे देणेकरी आपण सारेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली, माळवदांखाली गाडली गेली. त्यांचे पाप शोधणाऱ्याने आधी सांगावे, त्यांच्या डोक्यावर टिकाऊ छप्पर असावे यासाठी आपण काय देणे लागत होतो?