सही कोणाची?

1951 साली बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळरानावर राहायला गेले. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. ही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. भीक माणसाला पोखरते आणि श्रम त्याला उभं करतो, एवढ्या एका विचारावर आनंदवन वसलं. विहिरी खोदल्या गेल्या, शेती पिकली, पुढे कॉलेजच्या भिंतीही त्याच बोटं झडलेल्या हातांनी उभ्या केल्या. कला तिथं आली ती बरीचशी याच दारातून. भेटकार्डं, सतरंज्या, हातमागाचं कापड. जे बनेल ते विकलं जावं, आणि घेणाऱ्यानं दयेपोटी नव्हे तर माल चांगला म्हणून घ्यावं. बाबा स्वतः कवी होते, मित्रमेळाव्यांना पु. ल. देशपांडे यायचे, त्यामुळे गाणं-बजावणं तिथं परकं नव्हतं. तरी कलावंत म्हणून जगता येईल, ही कल्पना यायला पुढची पिढी उजाडली.

ती कल्पना बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदातून आणली. अंध गायक, कर्णबधिर नर्तक, अस्थिव्यंग आणि कुष्ठमुक्त कलावंत, सगळे मिळून शंभरावर. ज्याला दिसत नाही तो सूर सांभाळतो, ज्याला ऐकू येत नाही तो खुणा बघून ठेका धरतो. एकमेकांवाचून कोणाचंच भागत नाही. 'सर्वसमावेशक कला' असे जड शब्द आपल्याकडे रुळण्याआधी वरोऱ्यात हे चालू होतं, आणि तिकीट लावून चालू होतं. तिकीट मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे मोजलेला प्रेक्षक बेसूर गाणं फार वेळ सहन करत नाही.

पण अशा कार्यक्रमांत, कुठल्याही गावी, एक गोष्ट खटकत राहते. गाण्याआधी निवेदक गायकाचं अपंगत्व सविस्तर सांगतो, आणि टाळ्या तिथंच पडून जातात. गाणं सुरू व्हायचं असतं अजून! दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी 19 अंध कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक बसवलं. तिथंही बघणारा आधी हेच विचारतो, रंगमंचावर ते धडकत कसे नाहीत? कालिदास मागं पडतो.

कायद्याचं डोकंही हळूहळूच उघडलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यात कुष्ठमुक्त होते, स्वमग्न नव्हते. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार झाले, स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, आणि दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनासाठी स्वतंत्र कलमही आलं. आनंदवनाच्या विचाराला खरी अडचण इथून पुढे येते. श्रम असो की वाद्यवृंद, दोन्हींत सगळ्यांनी एका तालात चालायचं असतं. जे पोर तालात येत नाही, टाळ्यांच्या आवाजानं कान झाकतं, तासन्‌तास एकाच रेघेवर रेघ ओढतं, त्याचं काय करायचं?

याचं एक उत्तर ब्रिटनमध्ये मिळतं. तिथलं दृश्यकलेचं मानाचं टर्नर पारितोषिक 2025 साली नेना कालू या स्वमग्न कलावतीला मिळालं. ती फार थोडं बोलते. कापड, चिकटपट्टी, जुन्या कॅसेटची फीत गुंडाळत गुंडाळत ती प्रचंड आकार उभे करते. दिव्यांग कलावंतांसाठी चालणाऱ्या लंडनच्या एका स्टुडिओत ती पंचवीसेक वर्षं काम करते आहे. सोबतची सहायक साहित्य पुरवते, मोठ्या कामात हात देते. कुठे थांबायचं ते मात्र कालूच ठरवते. सहकार्याची याहून चोख व्याख्या मला सापडलेली नाही.

इतकं लांब जायलाही नको. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. मंडपात पोरं झोपतात, माणसं मधेच चहाला उठतात, कोणी कोणाला गप्प बसवत नाही. स्वमग्न प्रेक्षकांसाठी असे सैल नियमांचे प्रयोग विलायतेत मुद्दाम आखावे लागतात.

पैसाही जवळच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आहे, स्पंज आयर्न आहे. सामाजिक दायित्वापोटी नफ्यातले दोन टक्के खर्चण्याचा नियम लागू होईल अशा कंपन्यांची वाण नाही. त्या पैशाची कामं कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहेत. तिथं दिव्यांगांचं शिक्षण आणि रोजगार एका कलमात, कला आणि संस्कृती दुसऱ्याच कलमात. कागदावर त्यांची गाठ पडत नाही, म्हणून व्यवहारातही सहसा पडत नाही. तीनचाकी सायकल वाटून फोटो काढला की वर्षाचा हिशेब जुळतो. तालात न येणाऱ्या त्या पोरासाठी एक खोली, रंग, बसून राहायची तयारी असलेला एक माणूस आणि आईचं ऑटोचं भाडं, एवढं वर्षानुवर्षं देत राहायचं तर कोणत्या रकान्यात लिहायचं, हे कारकुनालाही सुचणार नाही.

आणि समजा, त्या खोलीतलं एखादं चित्र विकलं गेलं, तर पैसे कोणाच्या खात्यात जायचे? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती ठेवली आहे. तिच्यापुढे मालमत्तेचे, देखभालीचे अर्ज यायचे. चित्राच्या मानधनाचा अर्जही तिथंच जाईल, आणि खाली कोणी सही करायची, हे तेव्हा ठरवावं लागेल.