अर्ध्या तासाचा ताज

ताजमहाल चांदण्यात पाहायचा असेल तर महिन्यातल्या पाचच रात्री मिळतात. पौर्णिमेची एक, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन. त्यातूनही शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळायचा. एका रात्रीत 400 माणसे, 50-50 जणांच्या आठ तुकड्या, प्रत्येक तुकडीला अर्धा तास, आणि तिकीट आगाऊ काढलेले हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 2004 सालापासून हा क्रम चालू आहे. दिवसाच्या तिकिटालाही 2018 पासून तीन तासांची मुदत आहे. मुख्य मकबऱ्यात पाऊल टाकायचे तर वर 200 रुपये वेगळे.

जिच्यासाठी हे सगळे उभे राहिले ती मुमताज वारली मात्र आग्र्यात नव्हे. जून 1631 मध्ये, चौदाव्या बाळंतपणात, तिने बुऱ्हाणपुरात प्राण सोडला. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम तेव्हा तिथे होता. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे शाही मृगोद्यानात, तिला तात्पुरते दफन केले आणि सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचे शव आग्र्याला नेले. त्या आहुखान्यात आज पौर्णिमेला कोणी तुकड्या पाडत नाही. चांदणे तेच, माणसे नाहीत.

एकाच मृत्यूच्या या दोन जागा. एकीकडे पाहण्याचे रेशनिंग, दुसरीकडे पाहणाराच विरळा. प्रवासाला निघण्यापूर्वी संग्रहालयांच्या वेळा राखून ठेवायच्या आणि शहराचा एकत्रित पास घ्यायचा, ही रीत आता जगभर रुळली आहे. आपली मंडळीही पॅरिस-रोमला निघाली की महिनाभर आधी एक्सेलचा तक्ता करतात. या रीतीचा विचार आग्रा आणि बुऱ्हाणपूर दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून केला, तर एक गोष्ट ध्यानात येते. राखीव वेळ आणि पास ही दोन निरनिराळ्या अडचणींवरची उत्तरे आहेत. आपण मात्र ती एकाच दमात उच्चारतो आणि नको तिथे नको ते वापरतो.

आधी वेळेबद्दल. पैसे मोजायचे आणि वर घड्याळही पाहायचे, ही तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पण घड्याळ लावले नाही तर काय होते, याचा दाखला फ्रान्सच्या लास्को गुहेत आहे. हजारो वर्षे टिकलेली तिथली भित्तिचित्रे पर्यटकांच्या श्वासाने आणि त्यामागून आलेल्या शेवाळाने काही वर्षांतच खराब होऊ लागली. अखेर 1963 मध्ये गुहा लोकांसाठी बंदच करावी लागली. आता लोक शेजारी उभारलेली प्रतिकृती पाहून परततात. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘शेवटचे भोजन’ पाहायला 15 मिनिटे मिळतात, तीही मोजक्या माणसांच्या गटाला. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची रूढ पद्धत सोडून त्याने ते कोरड्या भिंतीवर रंगवले, म्हणून ते लवकरच झडू लागले. आज जे शिल्लक आहे ते या 15 मिनिटांच्या शिस्तीने सांभाळले जात आहे.

इतके लांब जायचेही कारण नाही. बुऱ्हाणपूरहून भुसावळ-जळगाव करत अजिंठ्याला पोहोचता येते. तिथल्या चित्रांखाली माती, भुसा आणि चुन्याचा थर आहे. शे-दोनशे माणसे एकदम आत घुसली तर त्यांच्या घामाची आणि श्वासाची दमट हवा त्या थराला बाधते. म्हणून पहारेकरी दाराशी माणसे अडवतो, फ्लॅश मारू देत नाही, थोडे आत गेले की बाकीच्यांना थांबवतो. त्याच्यावर चिडणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे की तो आपल्या नातवंडांची पाळी राखून ठेवतो आहे.

वेळ बांधून देण्यात न्यायाचाही एक भाग आहे. रांग सगळ्यांना सारखी असते असे आपण म्हणतो, पण ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याच्या कडेवर मूल नाही आणि ज्याची आत ओळख आहे, त्यालाच ती सोयीची. साडेदहाची वेळ छापलेला कागद हातात असला की ओळखीची गरज उरत नाही. निदान उरू नये. तिरुपतीला 300 रुपयांच्या दर्शनाची वेळ घरबसल्या घेणाऱ्या लाखो लोकांना हे पटले आहे.

पण हा न्याय फोनपाशी येऊन अडखळतो. करोनानंतर 2020 साली पुरातत्त्व खात्याची स्मारके उघडली तेव्हा तिकीट ऑनलाइनच काढायचे होते. अशा जागी काय घडते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खिडकीला फळी लावलेली, भिंतीवर क्यूआर कोडचा कागद, त्यासमोर फोन उंच धरून ओटीपीची वाट पाहणारी माणसे आणि बाजूला पदराच्या गाठीतली नोट हातात घेऊन उभी असलेली आजी. तिच्याकडे पैसे आहेत, वेळ आहे, इच्छाही आहे. तिकीट तेवढे नाही. शेवटी मागच्या रांगेतले कोणीतरी पोर तिचे तिकीट आपल्या फोनवर काढते आणि सरकारी व्यवस्था एका अनोळखी मुलाच्या भलेपणावर तरून जाते. जिथे वेळा राखीव आहेत तिथे रोजच्या कोट्यातला एक वाटा खिडकीवर रोख विकला गेलाच पाहिजे. हे उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

आणखी एक दोष आहे, आणि तो यंत्रणेत नाही, आपल्यात आहे. ज्याचे नाव आधीच कानावर आले आहे त्याचीच वेळ आपण राखून ठेवू शकतो. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात आणि भराभर संपतात. लूव्ह्रने रोजची संख्या 30,000 वर रोखून धरली आहे, तरी बहुतेकांची पावले मोनालिसाच्याच दालनाकडे वळतात. आगाऊ आखलेल्या दिवसात अनपेक्षिताला जागाच उरत नाही. प्रसिद्ध जागा आणखी प्रसिद्ध होत जाते आणि शेजारची रिकामी जागा रिकामीच राहते. ताजची वेळ मिळावी म्हणून धडपडणाऱ्या किती जणांना आहुखान्याचे नाव ठाऊक आहे?

आता पास. पॅरिसचा संग्रहालय पास 48, 96 किंवा 144 तासांचा मिळतो आणि त्यात पन्नासहून अधिक ठिकाणे येतात. तरीही लूव्ह्रची वेळ वेगळी घ्यावी लागते, हे अनेकांना दारात पोहोचल्यावर कळते. असा पास घेतला की माणसाचे अनलिमिटेड थाळीपुढे बसल्यासारखे होते. भूक सकाळीच भागलेली असते, पण दिलेले पैसे वसूल व्हायचे असतात. चार संग्रहालये झाली की पाचवे फुकट, या हिशेबाने तो धावत सुटतो. संध्याकाळी पाय बोलत असतात आणि डोळ्यांत काही उरलेले नसते. सगळे ‘झाले’ असते, पाहिलेले थोडेच असते.

दोष पासचा म्हणावा तर तसेही नाही. नेदरलँड्समध्ये वर्षभराचे संग्रहालय कार्ड मिळते. ते खिशात असलेला माणूस दुपारी मोकळा झाला की एकच चित्र पाहायला आत शिरतो आणि वीस मिनिटांत बाहेर येतो. त्याला काही वसूल करायचे नसते. उलट, जिथे निराळे तिकीट काढून तो कधी गेला नसता अशा आडबाजूच्या संग्रहालयातही तो डोकावतो. पासचा खरा गुण हाच आहे. पुढच्या दाराशी पुन्हा पाकीट काढावे लागत नाही, म्हणून पाऊल अनोळखी जागी वळते. तासांत मोजलेला पास हा गुण मारतो, सवडीचा पास तो वाढवतो.

किती पाहिले म्हणजे पुरे, याचे शहाणपण आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर कधीच आले आहे. आषाढीला पायांवर डोके ठेवण्याच्या रांगेत तासन् तास जातात. ज्याला ते जमत नाही तो मुखदर्शन घेतो. तेही साधले नाही तर चंद्रभागेत बुडी मारून, कळसाला हात जोडून तो गावी परततो, आणि आपली वारी अपुरी राहिली असे त्याला वाटत नाही. पर्यटकाला हे समाधान साधत नाही. मोनालिसा हुकली की पॅरिस वाया गेले असे तो मानतो. जे पाहायला मिळाले त्याच्यापेक्षा जे राहून गेले त्याची यादी त्याच्या मनात लांब असते.

आता पुन्हा बुऱ्हाणपूरकडे वळू, आणि आधी जसोंडीला या. केळीसाठी नाव असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले हे गाव. तिथल्या माणसाला बुऱ्हाणपूर म्हणजे बाजार, कचेरी, दवाखाना आणि रेल्वे. शहर रोजच्या कामाचे असले की ते पाहायचे राहून जाते. जगभर असेच घडते. तापीकाठच्या शाही किल्ल्याला पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, भारतीयाला 25 रुपये, ऑनलाइन काढले तर पाच रुपये कमी, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागतच नाही. वेळ राखायची गरज नाही. आतल्या हमामात मान मागे टाकून उभे राहा. छतावरचा रंग पुष्कळसा उडाला आहे, पण वेलबुट्टी अजून ओळखू येते. बघता बघता डोळा सरावतो आणि आधी नुसता डाग वाटलेल्या ठिकाणी पाकळी दिसू लागते. याला वेळ लागतो, आणि इथे तो कोणी मोजत नाही.

लालबागकडे कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात आणायची ही व्यवस्था खानखानान अब्दुल रहीमच्या काळात, 1615 च्या सुमारास उभी राहिली. वर कुंड्यांची गोल तोंडे एका ओळीत दिसतात. लिफ्ट चालू असेल तर खाली उतरता येते, आणि तिथे क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या भिंतींमधून चारशे वर्षांचे ते पाणी वाहताना दिसते. मार्च 2024 मध्ये ही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. उद्या इथे गर्दी होईल. अरुंद बोगदा आणि वाहते पाणी यांना ती सोसणार नाही. वेळा बांधायच्या असतील तर त्या इथे, आणि आत्ताच, लास्कोची पाळी येण्याआधी.

बाकीच्या बुऱ्हाणपूरला मात्र हवा आहे तो पास. जयपूरने हे करून दाखवले आहे. तिथल्या दोन दिवसांच्या एकत्रित तिकिटावर आमेर आणि हवामहालाबरोबर विद्याधर बाग आणि ईसरलाटही पाहता येते. आमेर पाहायला आलेला माणूस तिकीट हातात आहेच म्हणून ईसरलाट चढतो. पुरंदरच्या तहातला आमेरचा मिर्झाराजा जयसिंग आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तो 1667 मध्ये वारला तो बुऱ्हाणपुरातच, आणि त्याची छत्री जवळच बोहरडा गावी उभी आहे. किती मराठी पर्यटक तिथवर जातात? किल्ला, कुंडी भंडारा, राजाची छत्री, आहुखाना आणि खांडव्याच्या वाटेवरचा असीरगड यांचे एकच तिकीट निघाले, आठवडाभर चालणारे, सोबत नकाशा आणि बसच्या वेळा छापलेले, तर किल्ल्यापाशी आलेला माणूस नदी ओलांडेल. जामा मशीद आणि दर्गा-ए-हकीमी ही श्रद्धेची ठिकाणे त्यात ओढू नयेत. अडचण ठाऊक आहे: काही जागा केंद्राच्या, काही राज्याच्या, काही कोणाच्याच नसल्यासारख्या. पण खाती वेगळी असली तरी तिकीट एक असू शकते.

गर्दीच्या जागी वेळ बांधावी, ओस पडलेल्या जागी पास द्यावा. आज आपण अनेकदा उलटे करतो. गर्दीच्या शहरांचे पास विकून गर्दी वाढवतो आणि ओस जागांकडे पाहतही नाही. हे सुधारणे सरकारचे काम, पण प्रवाशाच्या हातातही काही आहे. पुढच्या सहलीचा तक्ता कराल तेव्हा दिवसाकाठी एकच वेळ राखा आणि उरलेला दिवस रिकामा ठेवा. जळगाव-भुसावळकडचे असाल तर पुढच्या रविवारी बुऱ्हाणपूरची गाडी धरा. त्यासाठी आगाऊ काहीही राखून ठेवावे लागत नाही.