आधी ऊब, मग हात

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि लोअर परळच्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत मिळेनाशी झाली. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवरचा तो निकाल. गाडीच्या काचेवर काळी फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही फिकी असो, असं न्यायालयाने बजावलं. काच कंपनीतूनच रंगीत आली असेल तर हरकत नव्हती. पण तिच्यातूनही उजेड आरपार गेला पाहिजे, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के, हा १९८९ सालच्या मोटार वाहन नियमांतला दंडक होताच. अंमल ४ मेपासून. म्हणजे हाताशी जेमतेम आठवडा, आणि त्यातही मधे महाराष्ट्र दिनाची सुट्टी.

ना. म. जोशी मार्गाला जुनी माणसं अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. तिथल्या एका गल्लीत आबांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, एक कपाट, एक पंखा आणि दारात दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. आबा मूळचे साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तोवर ते एका गिरणीच्या साचेखात्यात कापड विणत होते. संप लांबत गेला आणि गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मग मेहुण्याच्या ओळखीने ते गाड्यांच्या काचा बसवायला शिकले. पुढे काचेच्या कामात त्यांचा हात असा बसला की वरळी-शिवडीकडची गिऱ्हाइकंही त्यांना शोधत येत. हाताखाली सतरा वर्षांचा एक पोरगा होता. चाळीत त्याला बारक्या म्हणत, म्हणून गॅरेजातही तो बारक्याच.

२ मेच्या सकाळी एक टुरिस्ट गाडी दारात आली. गाडी भाऊंची; ते स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. गाडी सात वर्षांची, फिल्मही तेवढीच जुनी. काळ्याची जांभळी झालेली आणि मागच्या काचेवर जागोजागी फुगे.

"आबा, एवढी उतरवून द्या. परवा चार तारीख. शिर्डीचं भाडं आहे, वाटेत पावती फाडायची नाही मला."

आबांनी काचेवरून बोट फिरवलं. "देतो भाऊ. बाजूच्या काचा आज होतील. मागची मात्र उद्या दुपारी. तिला ऊन लागेल."

"ऊन? उन्हापासून वाचायलाच तर फिल्म लावली होती."

"लावली उन्हासाठी, आणि बिघडलीही उन्हानेच," आबा म्हणाले. "फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा, त्याला एका अंगाने गम. वर्षानुवर्षं ऊन खाऊन रंग उडतो, मग असा जांभळा दिसतो. गम वाळून कडक होतो, पकड सोडतो. जिथे सुटला तिथे फुगा. आता गार काचेवरून ओढलीत तर तिच्या चिंध्या होतील आणि गम काचेलाच राहील. काच चांगली तापली की गम मऊ होतो, तेव्हा ती सरळ येते."

बाजूच्या काचांचं काम आबांनी बारक्याला शेजारी उभं राहून शिकवलं. हीट गन काचेपासून वीतभर लांब धरायची आणि हात सतत फिरता ठेवायचा. एकाच जागी आच लागली तर काच तडकते. तापल्या काचेवर गार पाणी तर चुकूनही मारायचं नाही. कोपरा नखाने उचलायचा, फिल्म काचेच्या जवळून, तिरपी, सावकाश ओढायची. ओढ जड लागली की थांबायचं आणि पुन्हा ऊब द्यायची. उरलेल्या गमवर साबणाचं कोमट पाणी फवारून, ब्लेडची पाती काचेला जवळजवळ टेकवून तो खरवडून घ्यायचा. पहिल्या काचेला तासभर गेला. चौथी काच बारक्याने एकट्याने केली, फिल्म एका तुकड्यात आली, आणि आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. निघताना ते एवढंच म्हणाले, "उद्या मला ऑपेरा हाऊसला रबर आणायला जायचंय. मागच्या काचेला मी आल्यावरच हात लाव." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचे दोन फोन आले. "झालं का रे?" बारक्याला वाटलं, चार काचा केल्या, पाचवी काय मोठीशी! आबा येईपर्यंत काम तयार दिसलं तर ते खूश होतील. नऊ-साडेनऊची वेळ. गल्ली अजून सावलीत आणि काच गार. हीट गन आबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. त्याने कोपरा उचलला आणि ओढलं. बोटभर रुंदीची चिंधी हातात आली. पुन्हा ओढलं, पुन्हा चिंधी. काही जागी वरचा पापुद्रा निघाला आणि रंगाचा थर खालीच राहिला. गमचे चट्टे पडले, त्यावर गल्लीतली धूळ बसू लागली. त्याला घाम फुटला. मग त्याने काल जमलेली पाती उचलली आणि वरून खाली जोराने खरवडलं.

मागच्या काचेवर आतल्या अंगाला बारीक तपकिरी आडव्या रेघा असतात. त्या शोभेच्या नसतात. चांदी असलेल्या लेपाच्या त्या रेघा काचेवर भाजून पक्क्या केलेल्या असतात. बटण दाबलं की त्यांतून वीज जाते, काच कोमट होते आणि तिच्यावर धरलेलं धुकं विरतं. रेघ केसभर तुटली तरी तिच्यातला प्रवाह बंद पडतो. साध्या काचेवर पाती चालते, ती या काचेवर चालत नाही. बारक्याच्या पातीखाली दोन रेघा तुटल्या. काय तुटलं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी तुटलं एवढं कळलं. त्याने वर्तमानपत्राचे कागद साबणाच्या पाण्यात भिजवले आणि सबंध काचेवर चिकटवून टाकले, गम भिजवतोय असं दिसावं म्हणून.

आबा अकराला आले. त्यांनी भिजलेले कागद पाहिले, खाली पडलेल्या चिंध्या पाहिल्या, आणि बाकावरची पाती उचलून उजेडात धरली. धारेला तपकिरी भुकटी होती. आबांना सगळं कळलं. बारक्या शेडच्या खांबाला टेकून उभा होता, मान खाली, खांदे आखडलेले.

आबांनी पाती पुसून ठेवली. समोरच्या टपरीवरून दोन कटिंग मागवले, एक त्याच्या हातात दिला आणि बाकावर शेजारी जागा करून दिली.

"आमच्या साचेखात्यात," ते म्हणाले, "उभा धागा तुटला की साचा थांबवायचा आणि गाठ मारायची. बोटभर जागेत निभावतं. पण आमच्या जॉबरचा, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचा, दरारा असा की माणसं चळचळ कापायची. एकदा एका नव्या पोराचा धागा तुटला. ओरडा खावा लागेल म्हणून त्याने साचा तसाच चालू ठेवला. तागा उतरला तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. खराब मालाचे पैसे मजुरीतून कापायचे, ते त्याचे कापले. जॉबर वर आणखी तासभर ओरडला. पण कापड काही नीट झालं नाही. तेव्हापासून मी बघत आलोय, धागा तुटल्याने नुकसान थोडं होतं. तुटलेला लपवला की जास्त होतं."

चहा अर्धा संपला. बारक्या हळूच म्हणाला, "आबा, गारच ओढली मी."

आबा काही बोलले नाहीत.

"मग फाटली. मग पाती लावली. रेघांवरून. वरच्या बाजूला दोन तुटल्यात बहुतेक, डावीकडे. घाबरून कागद लावले."

"बरं झालं सांगितलंस. रेघा कशाच्या असतात ते काल मी सांगायला हवं होतं. चल, आता किती तुटलंय ते बघू."

मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ३ मेलाही तो फार ढळलेला नसतो. तेवढे मधले तीन-चार तासच त्या गल्लीत ऊन उतरतं. पुढे रुळांपलीकडे गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांची सावली आडवी येते. आबांनी गाडी वळवून मागची काच पश्चिमेला केली. कागद काढले, बाहेरच्या अंगाला कचऱ्याची काळी पिशवी फाडून पसरली म्हणजे ऊन शोषलं जाईल, आणि आतून उरलेल्या फिल्मवर साबणाचं पाणी फवारून दुसरी पिशवी बसवली. काही जण इथे अमोनिया मारतात. आबा मारत नसत. बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला बाधते.

दोन तासांनी काचेला हात लावला तर चटका बसला. आता बारक्याने कोपरा धरला आणि रेघांच्या दिशेने, आडवी, सावकाश ओढली. गमसकट फिल्म निघून आली. सकाळी ज्या जागी चिंध्या झाल्या होत्या तिथला गम मात्र ओल्या फडक्याने आणि अंगठ्याच्या नखाने, रेघांच्या कडेकडेने घासून काढावा लागला. ते सगळं काम आबांनी त्याच्याकडूनच करून घेतलं. बोटं सोलवटली, पण त्यांनी ते हातचं सोडू दिलं नाही.

संध्याकाळी स्टोव्हवर किटली ठेवून त्यांनी काचेवर आतून वाफ धरली आणि बटण दाबलं. रेघारेघांभोवती काच मोकळी होत गेली. वरच्या बाजूला दोन आडवे पट्टे मात्र तसेच पांढरे राहिले. बारक्याने सांगितलेल्या त्याच दोन रेघा होत्या.

भाऊ आले तेव्हा आबा बोलायला लागले, पण बारक्याच पुढे झाला. "काका, दोन रेघा माझ्या हातून तुटल्या." भाऊ भडकले, आणि ते साहजिकच होतं; गाडीवर त्यांचं घर चालत होतं. आबांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, "फिल्म पूर्ण निघाली आहे, उद्या तुम्हाला कोणी अडवणार नाही. शिर्डी करून या. लॅमिंग्टन रोडला चांदीचा लेप मिळतो, तो हा आणून ठेवेल. रविवारी गाडी लावा, रेघा जोडून देतो. पैसे नकोत."

रविवारी बारक्याने तुटलेल्या जागेच्या वर-खाली चिकटपट्टी लावली, मधल्या फटीत ब्रशने लेप भरला आणि तो वाळेपर्यंत तिथून हलला नाही. पुन्हा वाफ धरली. या वेळी काच वरपासून खालपर्यंत मोकळी झाली. तेव्हा भाऊ म्हणाले, "गणपतीला मी दरवर्षी कशेडी घाटातून गावी जातो. रात्री, पावसात, मागे ट्रकची रांग. हे लपवलं असतंस तर मला तिथे कळलं असतं." पुढच्या वर्षी गाडीचं काम निघालं तेव्हा ते आबांकडेच आले आणि काम बारक्यानेच करावं म्हणाले.

आबांनी केलं त्याला कोणी पोराला पाठीशी घालणं म्हणेल. पण त्यांनी त्याचं काहीही माफ केलं नव्हतं. गम त्यानेच घासला, लेप त्यानेच आणला, गिऱ्हाइकासमोर तोंड त्यानेच उघडलं. आबांनी फक्त क्रम बदलला. आधी त्याची भीती जाऊ दिली, मग कामाला लावलं. गार काचेवर जोर केला की फिल्म फाटते आणि गम मागे राहतो. घाबरलेल्या माणसाला धारेवर धरलं की त्याच्याकडूनही अर्धमुर्धंच बाहेर येतं आणि उरलेलं आत चिकटून बसतं. घरात, शाळेत, कारखान्यात, कचेरीत जिथे जिथे कोणी आपल्या हाताखाली आहे, तिथे आपल्याला चुका खरोखर दुरुस्त करायच्या असतील तर त्या आधी आपल्याला कळायला हव्यात. आणि त्या कळतात फक्त त्यालाच, ज्याच्याजवळ त्या सांगायची कोणाला भीती वाटत नाही.

तात्पर्य : चुकलेल्याला आधी ऊब द्यावी, मग काम सांगावं. ऊब म्हणजे सूट नव्हे. खरं पूर्ण बाहेर यावं आणि पूर्ण निस्तरलं जावं, यासाठीच ती द्यायची असते.