हेलियमचे मोल

रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्रात रोगी निश्चल पडून असतो, तेव्हा त्याच्या भोवती एका अतिसंवाहक चुंबकाचे वेटोळे असते. नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार द्रवरूप हेलियमच्या योगे उणे २६९ अंशांपर्यंत थंड केली, म्हणजे विद्युत्प्रवाहास होणारा तिचा विरोध नाहीसा होतो, आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. कॅमरलिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात हा चमत्कार प्रथम पाहिला. आज त्यावर मोठा व्यापार उभा आहे. या व्यापाराच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, व तो चुंबकाविषयी नसून हेलियमविषयी आहे.

भूगर्भातील युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून हा वायू कोट्यवधी वर्षे साचत आला. तो हवेत सुटला की पुन्हा गोळा करणे परवडत नाही, आणि अखेरीस तो पृथ्वीची संगतच सोडून जातो. तोडलेल्या झाडाच्या जागी रोप लावता येते. येथे तीही सोय नाही. असे असता तोच वायू वाढदिवसाच्या फुग्यांतही भरला जातो.

अमेरिकेने टेक्सासमधील अमरिलोजवळ १९२५ पासून हेलियमचा सरकारी कारभार चालविला व पुढे तेथे मोठा साठा केला. १९९६ च्या कायद्याने तो विकावयाचे ठरले. दर ठरविताना साठ्यापायी झालेले सुमारे १४० कोटी डॉलरचे कर्ज फिटावे, एवढाच हिशेब धरला गेला. वस्तूच्या दुर्मिळतेचा नव्हे. देण्यापायी जमीन विकणारा शेतकरीही चार ठिकाणी भाव विचारतो! रॉबर्ट रिचर्डसन या नोबेल पारितोषिकप्राप्त शास्त्रज्ञाने २०१० मध्ये एका फुग्याचे खरे मोल १०० डॉलर सांगितले, तेव्हा पुष्कळांस ती अतिशयोक्ती वाटली असेल.

यावर कोणी म्हणेल, भाव चढला की काटकसर आपोआप येते. ते अगदीच खोटे नाही. जुन्या चुंबकास सुमारे १५०० लिटर हेलियम लागे. २०१८ पासून सुमारे ७ लिटरवर चालणारे बंदिस्त चुंबकही निघाले आहेत. परंतु बाजारात बोली लावतो तो आजचा ग्राहक. शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या रोग्याची बोली कोणी लावावयाची? ते काम सरकारचे होते, आणि सरकारनेच २०२४ मध्ये उरलासुरला साठा खासगी कंपनीस विकला. मुलांच्या हातचा फुगा हिरावून घ्यावा, असे मात्र माझे म्हणणे नाही. कित्येक विहिरींतील हेलियम वेगळा न काढताच इंधनवायूबरोबर घरोघरच्या शेगड्यांपर्यंत जातो व तेथून आकाशात सुटतो. त्याचा तर कोणास पत्ताही लागत नाही.